डोक्यावरून जाणारी बातमी

आधीच सांगून टाकतो. या लेखात पोलिसांची, वनखात्याची, अग्निशमन दलाची, कुणाचीच फ्रिक्वेन्सी मिळणार नाही. तेवढ्यासाठीच आला असाल तर इथूनच परत फिरा, राग मानणार नाही. पण ती मी का देत नाही, आणि ती सरकारनंच द्यायला हवी असं मला का वाटतं, हे ऐकायचं असेल तर थांबा. जरा लांबण लागेल. शनिवार आहे, चालतंय.

मी मूळचा पेठचा. ऑफिसात असं म्हटलं की लगेच प्रश्न येतो, "कुठली? सदाशिव की नारायण?" पुण्याची नाही हो! नाशिक जिल्ह्यातला पेठ तालुका, गुजरातच्या हद्दीला लागून, नाशकाहून धरमपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा. नाशकातून निघालं की आधी सावळघाट, मग करंजाळी, मग कोटंबीचा घाट आणि मग पेठ. पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पावसाळ्यात भात, नागली, वरई आणि चार महिने छत्री. उन्हाळ्यात त्याच डोंगरात बायका हंडा घेऊन पाण्याच्या मागे. मोबाईलचं म्हणाल तर गावात रेंज आहे, पाड्यावर 'त्या आंब्याखाली उभं राहिलं तर' रेंज आहे, आणि तीन दिवस लाइट गेली की कुठेच नाही.

इंजिनिअरिंगला ई अँड टीसी घेतलं, अँटेना आणि वेव्ह प्रोपगेशनचा पेपर दुसऱ्या फटक्यात सोडवला, आणि नोकरी लागली जावामध्ये. आमच्या पिढीची ही नेहमीचीच कहाणी. चार वर्षं मॅक्सवेलची समीकरणं घोकायची आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या कोडमधला नल पॉइंटर शोधायचा. मग कधीतरी वाटतं, अरे, आपण शिकलो ते गेलं कुठे? त्या भरात मी एक डोंगल मागवलं.

हे डोंगल मूळचं लॅपटॉपवर डिजिटल टीव्ही बघण्यासाठी बनलेलं. २०१२च्या सुमारास काही हौशी मंडळींच्या लक्षात आलं की यातली आरटीएल२८३२यू नावाची चिप कच्चा सिग्नल जसाच्या तसा कॉम्प्युटरला देऊ शकते. झालं! टीव्ही राहिला बाजूला आणि जोड्याच्या किमतीत मिळणारा, साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकणारा रिसीव्हर जगभरच्या पोरांच्या हातात आला. फक्त ऐकणारा, हे लक्षात ठेवा. यातून बोलता येत नाही. माझा सगळा मुद्दा या एका फरकावर उभा आहे.

आता 'स्कॅनरवर फ्रिक्वेन्सी शोधणं' म्हणजे काय ते थोडक्यात. जुन्या पद्धतीचा स्कॅनर एकेका थांब्यावर क्षणभर थांबतो, आवाज नसेल तर पुढे सरकतो. वॉकीटॉकीवाले ज्या पट्ट्यात जास्त करून असतात तो १३६ ते १७४ मेगाहर्ट्झचा. दोन चॅनेलमध्ये साडेबारा किलोहर्ट्झचं अंतर धरलं तर या एका पट्ट्यात ३,०४० थांबे होतात. सेकंदाला पन्नास थांबे या वेगानंही एक फेरी पुरी व्हायला मिनिट लागतं, आणि वायरलेसवरचा निरोप असतो चार-पाच सेकंदांचा. म्हणजे तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत माणूस 'ओव्हर' म्हणून मोकळा झालेला असतो. डोंगलवाल्याची गोष्ट वेगळी. त्याला एका वेळी सव्वादोन-अडीच मेगाहर्ट्झचा तुकडा सबंध दिसतो. स्क्रीनवर वरून खाली धबधब्यासारखं चित्र सरकत राहतं, आणि कुणी बटण दाबलं की त्यात एक उजळ रेघ उमटते. तीन हजार थांब्यांऐवजी सोळा तुकडे. रेघ दिसली की त्यावर जायचं, ऐकायचं, वहीत वेळ लिहायची.

अँटेनाही घरीच होते. ७५ ला मेगाहर्ट्झनं भागायचं, येईल तितके मीटर तार. १४५ मेगाहर्ट्झसाठी साधारण ५२ सेंटिमीटर. आमच्याकडे ती कौलाच्या वाशाला बांधली आहे आणि आई तिला 'तुझं ते भूत' म्हणते.

या भुतावर मी काय काय ऐकलं? सगळ्यात जास्त मजा विमानांची. मुंबईकडे उतरणारी विमानं आमच्या डोंगरांवरून जातात आणि ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वैमानिक जुन्या एएम पद्धतीनं बोलतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा आवाज १४५.८०० वर येतो, तोही एकदा पकडला. अमेरिकेचे नोआ नावाचे हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्झवर ढगांची चित्रं पाठवायचे. त्यातले उरलेले तिन्ही २०२५मध्ये बंद झाले, पण त्याआधी अरबी समुद्रावरचे ढग मी आमच्या ओट्यावर बसून उतरवले होते. त्या दिवशी वाटलं, चला, दुसऱ्या फटक्यात का होईना, पेपर सुटला ते बरंच झालं. :-)

इथपर्यंत सगळं मजेचं. आता २०२५चा जुलै.

दोन दिवस सुट्टी टाकून घरी गेलो होतो. पाऊस असा की ओट्यावरून समोरचं घर दिसेना. लाइट जाऊन दीड दिवस झाला होता आणि आदल्या रात्री टॉवरच्या बॅटऱ्याही बसल्या. फोन म्हणजे नुसता टॉर्च. सकाळी सातला लॅपटॉपमधली उरलीसुरली बॅटरी जाळत मी धबधबा बघत बसलो होतो. एक रेघ उमटली. त्यावर गेलो. एका सरकारी खात्याचा चॅनेल होता, कुठल्या ते सांगत नाही. स्वच्छ, शांत आवाजात एक माणूस सांगत होता की सावळघाटात झाड आणि मातीचा ढीग रस्त्यावर आलाय, जेसीबी निघालाय, तीन तास तरी रस्ता होणार नाही, गाड्या करंजाळीच्या पुढे सोडू नका. पलीकडून 'रॉजर' आलं. रेघ विझली. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं.

सव्वासातला शेजारच्या माईंचा मुलगा पळत आला. माईंचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, डावा हात उचलत नव्हता. पॅरालिसिसचा झटका, हे कुणालाही कळलं असतं. १०८ लावायला फोन हवा, आणि फोनला रेंज. शेवटी स्टँडजवळची एक जीप आणली. नाशकाला न्यायचं ठरलं. माईंना मागच्या सीटवर आडवं केलं आणि मी ड्रायव्हरला म्हणालो, "भाऊ, सावळघाट बंद आहे. हरसूलवरून काढा, त्र्यंबकमार्गे."

"कोनी सांगितलं तुला?"

बघा, इथे मी गप्प झालो. काय सांगणार होतो? सरकारी वायरलेस चोरून ऐकला म्हणून? आजूबाजूला दहा-बारा माणसं. मी म्हणालो, "असं ऐकलंय." ड्रायव्हरनं माझ्याकडे एकदा पाहिलं. हरसूलचा रस्ता लांबचा, वळणावळणाचा, त्या पावसात तर आणखीच. 'ऐकलंय' एवढ्यावर कोण जाईल? कुणीतरी मागून म्हणालंही, "उगाच अफवा नको रे उठवू अशा टायमाला." जीप पावणेआठला निघाली आणि सरळ रस्त्यानं गेली.

सावळघाटात अडकली. मागे गाड्या लागल्यामुळे वळवताही येईना. नाशकात पोहोचायला साडेबारा वाजले. मेंदूतली गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन असतं, ते पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. सव्वासात ते साडेबारा, तुम्हीच हिशोब करा. माई वाचल्या. चालतात, बोलतात. डावा हात मात्र अजून कामाचा नाही. हरसूलवरून नेलं असतं तर हात वाचला असता का? डॉक्टर म्हणतात, नक्की सांगता येत नाही. मी ते वाक्य रोज स्वतःला म्हणून दाखवतो. पुरेसं पडत नाही.

यात दोषी कोण? ड्रायव्हर नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही ऐकलं नसतं. वायरलेसवरचा माणूस तर नाहीच. मी? हो, थोडा मी. पण मला त्या सकाळचं जे सगळ्यात जास्त खुपतं ते हे की बातमी खरी होती, वेळेवर होती, सरकारचीच होती आणि चौकात उभ्या असलेल्या दहाही माणसांच्या डोक्यावरून जात होती. शब्दशः डोक्यावरून! आणि ती ज्या एकाला ठाऊक होती त्याला ती कुठून कळली हे सांगायची सोय नव्हती. कुठून आली ते सांगता येत नाही अशी खरी बातमी आणि अफवा, यांत ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं काय फरक आहे?

आता कायद्याकडे येऊ. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा वायरलेस तार कायदा, हे दोन इंग्रजांच्या काळातले. १९३३च्या कायद्यानं परवान्याशिवाय नुसतं यंत्र बाळगणं हाच गुन्हा केला. ऐकायचं यंत्र असेल तर पहिल्या खेपेला दंड शंभर रुपयांपर्यंत. तुमच्या आजोबांना विचारा. घरातल्या रेडिओचं लायसन असायचं, ते पोस्टात जाऊन दर वर्षी पैसे भरून नवं करून आणावं लागायचं. बिनाका गीतमाला ऐकायला सरकारी परवाना! १९८०च्या दशकात ते बंद झालं आणि देश काही बुडाला नाही.

मग २०२३मध्ये नवा दूरसंचार कायदा आला, २०२४पासून टप्प्याटप्प्यानं लागू होऊ लागला. वाटलं होतं, आता तरी ऐकणं आणि बोलणं यांत फरक करतील. पण व्याख्येत प्रक्षेपण आणि ग्रहण एकाच दमात आलंय, आणि रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी हवी हे तत्त्व तसंच चालू आहे. निरोप बेकायदा मध्येच ऐकला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम कुणाचा खासगी फोन चोरून ऐकणाऱ्याला लावा, मी टाळ्या वाजवीन. पण 'घाट बंद आहे' हे वाक्य उघड्या हवेत, कसलंही कुलूप न लावता, सार्वजनिक पैशानं बोललं जातं. ते ऐकणारा गुन्हेगार ठरायची भीती, आणि ते लोकांना न सांगणाऱ्या व्यवस्थेला कसलीच भीती नाही, याला काय म्हणायचं?

गंमत बघा. हवेतल्या लहरी या सार्वजनिक मालमत्ता आहेत, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५लाच सांगून ठेवलंय. १९९३च्या हिरो कपचं टीव्ही प्रक्षेपण कुणी करायचं यावरून क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल आणि माहिती-प्रसारण मंत्रालय यांच्यात वाद झाला होता, त्या खटल्यात. निकाल देणाऱ्या पीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्या लहरी लोकांच्या भल्यासाठी वापरल्या गेल्या पाहिजेत, हाच त्या निकालाचा गाभा. क्रिकेटच्या मॅचसाठी ते आपण मान्य केलं. घाटातल्या दरडीसाठी कधी करणार?

आता समोरून येणारे प्रश्न. दोन ठिकाणांहून येतात, एक ऑफिसातून, एक गावातून.

ऑफिसातला मित्र म्हणतो, "अरे कुठल्या जमान्यात आहेस, अलर्ट येतात ना आता फोनवर!" येतात. २०२३मध्ये चाचणी म्हणून सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते, आमच्या स्टँडअपमध्ये एकानं दचकून कॉफी सांडली होती. यंत्रणा चांगलीच आहे. पण तो अलर्ट टॉवरवरून येतो. टॉवरच मेला तर अलर्ट कुणाच्या खांद्यावर बसून येणार? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईतसुद्धा मोबाईल निकामी झाले होते, पेठ तर पेठच. आपण शहरात बसून ॲप बनवणारे लोक 'नेटवर्क आहे' हे गृहीत धरूनच पहिली ओळ लिहितो. डोंगरातला माणूस 'नेटवर्क नाही' हे गृहीत धरून दिवस सुरू करतो.

गावातला प्रश्न जास्त वजनदार आहे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार आहेत. ते म्हणाले, "सगळं उघडं केलं तर चोर आधी ऐकतील." खरं आहे. २६/११च्या वेळी आत लपलेल्या अतिरेक्यांना बाहेरच्या हालचाली टीव्हीवरच्या थेट प्रक्षेपणातून पलीकडून कळत होत्या, आणि २०१२च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्या वाहिन्यांना खडे बोल सुनावले. त्यामुळे छापे, बंदोबस्त, पाठलाग यांचं बोलणं कुलूपबंद असावं, यावर माझं दुमत नाही. न्यूयॉर्क पोलिसांनीही २०२३पासून आपले चॅनेल एन्क्रिप्ट करायला घेतले. तिथल्या पत्रकारांनी आरडाओरडा केला, पण केले.

पण त्याच २६/११ची दुसरी बाजूही आठवा. कामा हॉस्पिटलच्या बाजूच्या गल्लीत अशोक कामटे, हेमंत करकरे आणि विजय साळसकर गेले. त्या रात्री वायरलेसवर आणि कंट्रोल रूममध्ये नेमकं काय बोललं गेलं, मदत कधी मागितली गेली, हे विनिता कामटे यांना माहितीच्या अधिकारात नोंदी मिळवून शोधावं लागलं. २००९च्या 'टू द लास्ट बुलेट' या पुस्तकात ते सगळं आलंय. एका शहीद अधिकाऱ्याच्या पत्नीलासुद्धा त्या नोंदींसाठी अर्ज करत झगडावं लागतं, तिथे पाड्यावरच्या माणसाला 'आज रस्ता चालू आहे का' हे कोण सांगणार? गुप्तता एकदा अंगवळणी पडली की कशाला लागू आहे आणि कशाला नाही, याचा विचारच कुणी करत नाही. छाप्याचं बोलणंही गुप्त आणि जेसीबीचं बोलणंही गुप्त.

आमच्या हौशी मंडळींनाही दोन शब्द सुनावतो. स्कॅनरवर ऐकलेलं पोलिसांचं बोलणं रेकॉर्ड करून, खाली ढॅणढॅण म्युझिक लावून व्हिडिओ टाकणारे तुम्ही, तुमच्यामुळेच आमच्यासारख्यांकडे लोक चोर म्हणून बघतात. अपघातातल्या माणसाचं नाव, पत्ता, घरचं भांडण, सगळं त्या चॅनेलवर येत असतं. ते ऐकू आलं म्हणून ते तुमच्या बापाचं होत नाही. अमेरिकेत उघड्या चॅनेलवरचं पोलीस-अग्निशमनाचं बोलणं ऐकायला १९८६च्या कायद्यानं मुभा आहे, परवाने कुणाला कुठल्या फ्रिक्वेन्सीचे दिलेत याची यादी कुणीही बघू शकतं. ब्रिटनमध्ये उलट: स्कॅनर विकत घ्या, पण आपल्यासाठी नसलेला निरोप ऐकायचा नाही, २००६च्या कायद्याचं ४८वं कलम. आपण दोघांच्या मधला रस्ता काढू शकतो. आणि बोलणाऱ्या यंत्रांवर नियम कडकच हवेत. मे २०२५मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांना १३ नोटिसा काढल्या, ते योग्यच झालं. भलत्या फ्रिक्वेन्सीवर एकानं बटण दाबून धरलं की रुग्णवाहिकेचा निरोप मरतो. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा कमी ताकदीचा पट्टा परवान्याशिवाय मोकळा आहे, हौस असेल तर तिथे भागवा, नाहीतर परीक्षा देऊन हॅम व्हा.

मग मला हवंय तरी काय? तीनच गोष्टी.

पहिली, ज्यात गुपित काही नाही अशा सार्वजनिक सेवांच्या फ्रिक्वेन्सींची जिल्हावार यादी सरकारनंच जाहीर करावी. आज राष्ट्रीय फ्रिक्वेन्सी आराखडा कुणालाही वाचता येतो, पण त्यात कुठला पट्टा कुठल्या प्रकारच्या सेवेला एवढंच आहे. आमच्या घाटाची बातमी कुठे ऐकायची, हे त्यातून कळत नाही. दुसरी, फक्त ऐकणाऱ्या यंत्राला स्पष्ट शब्दांत माफी द्यावी, आणि ऐकलेलं खासगी बोलणं पसरवणाऱ्याला शिक्षा ठेवावी.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तिला स्कॅनरही लागत नाही. प्रत्येक घाटाच्या तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने एक उघडा, एकतर्फी चॅनेल हवा. दर तासाला दोन मिनिटं: कुठला घाट चालू, कुठला बंद, किती मिलिमीटर पाऊस, कुठल्या फरशीवर पाणी, एसटी कुठपर्यंत सुटली. आणि तो साध्या एफएमवर हवा, कारण कीपॅडच्या फोनमध्येही एफएम असतो आणि त्याला टॉवर लागत नाही. फोनमधला एफएम चालू ठेवा असा सल्ला केंद्र सरकारनं एप्रिल २०२३मध्ये कंपन्यांना दिलाच आहे. अमेरिकेत अशी हवामानाची सरकारी रेडिओ सेवा आहे, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात ठरलेल्या फ्रिक्वेन्सींवर, रात्रंदिवस. आपल्याकडेही म्हसवडचं 'माणदेशी तरंग' २००८पासून ९०.४ वर गावाशी बोलतंय, म्हणजे खेड्यात रेडिओ केंद्र चालवायची अक्कल आपल्याला आहे.

"नाशिक आकाशवाणी आहे ना, १०१.४?" आहे. पण एफएमच्या लहरी डोंगराला वळसा घालत नाहीत. सपाट जमिनीवर तीस मीटर उंच टॉवर हातातल्या रेडिओला साधारण सत्तावीस किलोमीटर दिसतो, आणि आमच्याकडे सपाट जमीन फक्त क्रिकेटच्या मैदानापुरती. म्हणून तालुक्यातल्याच एखाद्या टेकडीवर छोटा प्रक्षेपक हवा, सोलर आणि बॅटरीवर चालणारा. बातमी तर आधीच तयार आहे! वायरलेसवर ती रोज बोलली जाते. त्यातलं सांगण्यासारखं तेवढं निवडून एका माणसानं दुसऱ्या माइकवर वाचायचं आहे.

मी हे अतिशयोक्तीनं बोलतोय असं वाटत असेल तर माळीण आठवा. ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं अख्खं गाव डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली, आणि बाहेरच्या जगाला कळलं ते नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. एसटीत तिकिटाचं मशीन असतं, वायरलेस नसतो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल गेला, दोन एसटी वाहून गेल्या. पुढे पूल नाही हे मागून येणाऱ्या गाडीला सांगायची काय सोय होती? आणि २०२७च्या पावसाळ्यात नाशिक-त्र्यंबकेश्वरचा कुंभमेळा आहे. गुजरातेतून येणारे भाविक कुठल्या रस्त्यानं येतील? याच. सावळघाटातून.

मी अर्ज लिहून ठेवलाय. माहितीचा अधिकार कायदा २००५, दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न दोनच. एक: तालुक्यातला घाटरस्ता बंद झाल्याची माहिती वायरलेसवर मिळाल्यानंतर ती नागरिकांना कोणत्या मार्गानं, किती वेळात कळवण्याची पद्धत ठरलेली आहे? दोन: मोबाईल नेटवर्क बंद असताना ही माहिती कळवण्यासाठी कोणती पर्यायी व्यवस्था आहे? सोमवारी पोस्टात टाकतोय. तुमचं गाव घाटात असेल, मग ते सुरगाणा असो, इगतपुरी, महाड, आंबेगाव की चंदगड, हेच दोन प्रश्न उचला आणि आपापल्या तालुक्यात टाका. मराठीतच लिहा, वकील लागत नाही.

माई परवा ओट्यावर भेटल्या. उजव्या हातात कीपॅडचा फोन, त्यावर बारीक आवाजात गाणी. मला म्हणाल्या, "तुझ्या त्या भुतावर काय ऐकू येतं रे?" म्हटलं, विमानं. त्या दिवशी घाट बंद असल्याचं मला कुठून कळलं होतं, ते अजून त्यांना सांगितलेलं नाही. पुढच्या वेळी गेलो की सांगणार आहे.